रिमोटवर सूर्य आहे की चांदणी?

अहो, साक्रीकडचा तो फोन मीच उचलला होता. "अशोकभाऊ शेतस का घरमा? आम्हना एसी थंडंच करत नही," एवढंच त्या बाई म्हणाल्या, आणि मी पुढे काहीही न विचारता फोन तुमच्या हातात दिला. बावीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पाठ फिरवली, स्वयंपाकघरात गेले आणि गरज नसताना मिक्सर लावला. थोड्या वेळाने तुम्ही हत्यारांची पिशवी गाडीला अडकवून उन्हात निघालात. चारच्या सुमाराला परत आलात, आडवे झालात, आणि सहाला मी चहासाठी हलवलं तेव्हा उठला नाहीत.

डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. नातेवाईक म्हणाले, वेळ आली होती. आपली स्नेहल नाशिकहून रडतच आली आणि दोन दिवसांनी तीच मला म्हणाली, "आई, पप्पांना त्रास तरी झाला नाही." प्रत्येकाने आपापल्या परीने समजूत घातली आणि मी मान हलवत राहिले. मला जे आतून खात होतं ते मी कुणापाशी बोलले नाही. त्या बाईंना मी नेहमीचे चार प्रश्न विचारले असते, तर कदाचित तुम्हाला जावंच लागलं नसतं. मी विचारले नाहीत, कारण मी तुमच्यावर रुसले होते.

हे चार प्रश्न माझे. तुम्ही ते कधी मान्य केलं नाहीत, पण माझेच. सुरुवातीला फोन उचलायचं काम माझ्याकडे आलं ते केवळ तुमचे दोन्ही हात शिडीवर अडकलेले असायचे म्हणून. मी नाव आणि गाव लिहून घ्यायची आणि तुम्ही संध्याकाळी कागद बघायचात. मग एकदा शिरपूरहून एका शिक्षिकेचा फोन आला. एसी चालतो, पण हवा येत नाही, आणि आता तर त्यातून बर्फाचे तुकडे पडतायत. बाई घाबरल्या होत्या. मी तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं होतं, ते सहज विचारलं, "बाई, आतली जाळी कधी धुतली?" त्या म्हणाल्या, "कोणती जाळी?" त्यांचं घर कापसाच्या जिनिंग मिलला लागून. त्यांनी वरचं झाकण उघडलं तर कापसाचा पेळू निघावा तसा जाडच्या जाड थर निघाला. चार वर्षांत त्या झाकणाला कुणी हातच लावला नव्हता. जाळी धुऊन वाळवून बसवली, एसी भरभर वारा द्यायला लागला, आणि त्या बाई मला मॅडम म्हणाल्या. मला दहावीनंतर कुणी शिकू दिलं नाही, हे त्यांना काय माहीत!

संध्याकाळी मी फुशारकीने सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग आता मी घरी बसतो, तू जा शिडीवर." थट्टा होती, पण पुढच्याच रविवारी तुम्ही एक जुना एसी हॉलमध्ये चादरीवर मांडून बसलात. हा पंखा, ही कॉइल, हा पाणी जायचा पाइप. मी भाजी निवडत ऐकत होते. "हे यंत्र थंडी बनवत नाही," तुम्ही म्हणालात, "हा हमाल आहे. खोलीतली गरमी उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आणि हा गरम-थंडवाला आहे ना, तो हिवाळ्यात उलट्या फेऱ्या मारतो. बाहेरची गरमी आत आणतो."

"डिसेंबरात धुळ्यात बाहेर कसली आलीय गरमी? पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही."

"असते. तुला लागत नाही, त्याला सापडते."

ते मला त्या दिवशी पटलं नाही, पण विसरताही आलं नाही. त्या रविवारबद्दल मी तुमचे आभार मानायचे राहिले आहेत. घरातल्या बाईसमोर यंत्र उघडून बसणारा मिस्तरी मी दुसरा पाहिला नाही. ज्यांना आपल्या कामाची भीती असते ते लपवतात. तुम्ही हातात पाना दिलात.

मग माझे प्रश्न ठरत गेले. पहिला, रिमोटवर सूर्य आहे की चांदणी? बर्फाचं ते चित्र आपल्याकडे कुणाला बर्फ वाटलंच नाही, सगळे त्याला चांदणीच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. निम्म्या घरांत मुलं खेळता खेळता सूर्य लावून ठेवायची आणि भर मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापायची. दुसरा, जाळी कधी धुतली? तिसरा, एसीच्या बाहेरच्या डब्यावर काही ठेवलंय का? आणि चौथा, स्टॅबिलायझरवर आकडा किती दाखवतोय? खेड्यात दुपारी विजेचा दाब इतका पडतो की आतला पंखा तेवढा फिरतो आणि बाहेरचा कॉम्प्रेसर उठतच नाही. लोक म्हणतात गॅस संपला. गॅस बिचारा जागेवर असतो.

हिवाळ्यात वेगळी गंमत. सूर्य लावला तरी यंत्र पाच मिनिटं गप्प बसतं, आतली कॉइल तापेपर्यंत वारा सोडत नाही. तेवढ्यात माणसाचा धीर सुटतो, तो बंद करतो, पुन्हा लावतो, पुन्हा बंद करतो. एका आजोबांनी तासभर हाच उद्योग केला आणि मग मला फोनवर झापलं, की गरम करणारं यंत्र म्हणून विकलं आणि हे तर मेलेलं आहे. मी म्हटलं, "आबा, ते लावा, आणि उठून तोंड धुऊन या." तोंड धुऊन आले तोवर खोली ऊबदार झालेली. एका घरात तर कूलर आणि एसी एकाच खोलीत जोडीने चालू होते. दोन्ही लावले की दुप्पट थंड, असा त्यांचा हिशेब. कूलर पाण्याची वाफ आत ढकलतोय आणि एसी ती निथळून काढता काढता घायकुतीला आलाय! हे सांगितल्यावर तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. तुमचं ते हसणं आठवलं की मला अजून बरं वाटतं, आणि लगेच वाईट वाटतं.

आपलं भांडण जुनंच. मी म्हणायची, जे फोनवर होतं त्यासाठी कशाला जायचं? ऊन बघा, गुडघे बघा, साठीला आलात. तुम्ही म्हणायचात, "फोनवर घर दिसत नाही." मी म्हणायची, घर बघायला जाता की कळण्याची भाकरी खायला? कारण तुम्ही जिथे जायचात तिथे जेवल्याशिवाय सुटायचा नाहीत, आणि येताना गाडीला कुणाच्या तरी शेतातली भरताची वांगी लटकलेली असायची. आपल्या घरात कधी वांगी विकत आणलेली मला आठवत नाहीत.

आणि तुमचं म्हणणं खरं ठरलं ते दोंडाईच्याच्या घरी. त्यांच्या एसीतून आत भिंतीवर पाणी गळत होतं. मी फोनवर सगळं करून घेतलं. जाळी धुवा, पाइपमध्ये फुंकर मारा, पाइप कुठे दबलाय का बघा. दोन दिवस बरं चालायचं, पुन्हा भिंत ओली. तीनदा झालं. चौथ्यांदा तुम्ही मला न विचारता गेलात. तिथल्या अक्कांनी एसीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून पाइपचं तोंड प्लास्टिकच्या डब्यात सोडलं होतं. बारा-पंधरा दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात ती बाई थेंब न् थेंब धरणारच. डबा भरला की पाइपचं तोंड पाण्यात बुडायचं, आतलं पाणी पुढे सरकायचं नाही आणि भिंतीवर उतरायचं. डबा रिकामा केला की पुन्हा दोन दिवस ठीक. तुम्ही डब्याला बंदी केली नाहीत. पाइप वर बांधलात, वीतभर अंतर ठेवलंत, आणि अक्कांना म्हणालात, आता खुशाल भरा. मी दहा प्रश्न विचारले होते, पण डब्याबद्दल कुणी कशाला विचारेल! तुम्ही महिनाभर मला चिडवलंत. कुठल्याही गोष्टीवर "डबा बघितला का?" म्हणायचात. डाळीत मीठ कमी पडलं तरी डबा.

मी चिडायची, पण ते चिडवणं मला चालायचं. मला न चालणारी गोष्ट दुसरी होती. इतक्या वर्षांत, इतकी गिऱ्हाइकं मी फोनवर मार्गी लावली, पण तुम्ही एकदाही चार माणसांत म्हणाला नाहीत की हे हिच्यामुळे होतं. कुणी म्हणालं, "वैनींनी फोनवरच दुरुस्त करून दिला," तर तुम्ही नुसते हसायचात आणि विषय बदलायचात. मी कधी बोलून दाखवलं नाही. मनात मात्र धरून ठेवलं.

चैत्रात तुमच्या छातीत जड वाटलं, डॉक्टरांनी दुपारचं ऊन टाळायला सांगितलं, आणि मी ठरवून टाकलं की बारा ते चार तुम्ही कुठे जाणार नाही. तुम्हाला न विचारता ठरवलं. दुपारचे फोन आले की मी सांगायची, भाऊ येणार नाहीत, मी सांगते तसं करा. त्या आठवड्यात शहरातल्याच एका गिऱ्हाइकाने तुम्हाला रस्त्यात गाठून विचारलं, "भाऊ, वैनी तुम्हले येऊच देतस नही का आते?" चारचौघांत विचारलं. तुम्ही घरी आलात ते तापलेलेच. राग आला की तुमची अहिराणी सुटायची. "मना कामम्हा तू पडू नको," तुम्ही म्हणालात.

मना काम. माझं काम. बावीस वर्षं मी ज्याला आपलं काम समजत होते ते तुमचं एकट्याचं होतं, असं मला त्या एका वाक्यात समजलं. मी बोलणं बंद केलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तुम्ही दोनदा काहीतरी विनोद केलात, मी हसले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साक्रीकडचा फोन आला.

तुम्ही फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेलात. तुमचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, आणि कळू नयेत म्हणून तर मिक्सर चालू होता. मग आत येऊन तुम्ही फोन स्वतःपाशीच ठेवलात, डोक्याला रुमाल बांधलात आणि टोपलीतून एक कांदा घेऊन खिशात टाकलात, ऊन बाधू नये म्हणून. एरवी तो कांदा मी द्यायची आणि पाण्याची बाटलीही. "साक्रीच्या पुढं जाऊन येतो," तुम्ही दाराकडे बघत म्हणालात. मी "हं" म्हटलं. बाटली स्वयंपाकाच्या ओट्यावर भरलेली होती. मी ती उचलून दिली नाही.

चारला आलात तेव्हा मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. तुम्ही माठातलं पाणी प्यायलात. "झालं ते काम," म्हणालात. एरवी मी लगेच विचारलं असतं, काय निघालं म्हणून. रोजचं आपलं तेच तर बोलणं होतं. त्या दिवशी मी टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. तुम्ही जरा वेळ तिथेच थांबलात आणि मग "पडतो थोडा" म्हणून आत गेलात.

तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम परवा झाला. माणसं खूप आली. भंतेजी बोलत होते तेव्हा मी समोर बघत होते, पण माझं लक्ष साक्रीच्या त्या फोनपाशीच अडकलेलं. काल दुपारी घर रिकामं झाल्यावर एक बाई आल्या. उशिरा कळलं म्हणून उशिरा आलो, म्हणाल्या. आवाज मी ओळखला. त्याच त्या फोनवरच्या, साक्रीच्या पुढच्या अक्का. मी त्यांना पाणी दिलं आणि जे विचारायची भीती वाटत होती तेच आधी विचारलं. "अक्का, तुमच्या एसीचं काय निघालं होतं?"

त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "काय सांगू माय, आम्हनीच चूक. बाहेरना डब्बाले ऊन लागस म्हनीसन आम्ही त्याले ओली गोनी गुंडाई देल व्हती."

बाहेरच्या डब्याला उन्हाचा त्रास होईल म्हणून त्याला माणसासारखं ओल्या गोणपाटात गुंडाळलं. हमालाने गरमी आणून टाकायची कुठे, तर सगळी वाट बंद. माझा तिसरा प्रश्न! मी तो विचारला असता तर दोन मिनिटांत गोणी निघाली असती. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. तुमच्या लेकीला नाही सांगितलं ते त्या परक्या बाईला सांगितलं, की मी विचारलं नाही म्हणून माझा माणूस उन्हात गेला.

अक्कांनी हातातला पेला खाली ठेवला. "अशी कशी म्हनस तू? भाऊंनी माले बठ्ठं इचारं ना फोनवर. सूर्य शे का चांदणी, जाळी कव्हय धुयी, बाहेर काही ठेयेल शे का. मी गोनीनं सांगं, तर ते हासनात. म्हने, काढी टाका. मी काढी टाकी. अर्धा तासमा खोली थंडगार."

"मग ते आले कशाला?"

"मी फोन करा ना, भाऊ, नका येऊ, व्हई गयं म्हनीसन. तव्हय ते रस्ताम्हा व्हतात. म्हने, निंघी गऊ, आते येसूच."

निघालोच आहे तर येतोच, असं म्हणून तुम्ही गेलात, कारण अक्कांची सून बाळंतीण. सव्वा महिन्याचं बाळ त्याच खोलीत. ते तुम्ही फोनवर ऐकलं होतंत, आणि तुम्हाला खाट कुठे आहे ते बघायचं होतं. खाट बरोबर वाऱ्याच्या तोंडाशी होती, बाळाच्या छातीवर सगळा झोत. तुम्ही आणि अक्कांनी मिळून खाट पलीकडच्या भिंतीला सरकवली, एसीची पट्टी वर केलीत, चांदणी सत्तावीसवर ठेवायला सांगितलीत. बाळाला दोन दिवस सर्दी होती आणि खाटेचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या चार प्रश्नांत खाट नाही. हे मी कबूल करते, आणि आता तुम्ही मला यावरून चिडवायला नाही.

मग चहा झाला. अक्का तुम्हाला म्हणाल्या, भाऊ, तुम्ही तर फोनवरच ओळखलंत, मोठे हुशार. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते अक्कांनी मला तुमच्याच शब्दांत सांगितलं. मी त्यांच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.

"हाई बठ्ठी मना घरवालीनी अक्कल शे. माले फक्त पाना-पक्कड समजस. तिनासंगे भांडन व्हयेल शे मनं. आज घर जाईसन तिले सांगनंच शे."

ही सगळी माझीच अक्कल, आणि घरी येऊन तुम्हाला ते मला सांगायचंच होतं. म्हणजे तुम्ही उन्हात गेलात ते मी न विचारल्यामुळे नव्हे. मी विचारलं असतं तरी तुम्ही गेलाच असता. बाळ आहे म्हटल्यावर तुम्हाला मी तर सोडाच, डॉक्टरांनी धरून ठेवलं असतं तरी तुम्ही निघाला असता. बारा दिवस छातीवर असलेला धोंडा उतरला, आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला. सकाळचे चार प्रश्न राहिले याचं आता मला काही नाही. चार वाजता तुम्ही माठापाशी थांबला होतात, तेव्हा एक प्रश्न राहिला. तो विचारला असता तर तुम्हाला सगळं सांगावं लागलं असतं, गोणीचं, खाटेचं आणि त्या वाक्याचंही.

आणखी एक सांगायचं आहे, ते तुम्हालाही माहीत नव्हतं. मीही त्या दिवशी ठरवलं होतं की रात्री जेवताना बोलायचं. तीन दिवस पुरे झाले. तुम्ही आत पडलात तेव्हा मी दादर ज्वारीचं पीठ काढून ठेवलं, मिरचीचा ठेचा कुटला. वाटलं, पानावर बसले की मीच आधी विषय काढते. तुम्ही जेवणापर्यंत थांबलात आणि मीही थांबले. दोघांनी एकच वेळ धरली होती.

याचं रडू येतं, खूप येतं. पण तुम्ही माझ्याशी बोलायला घरी आला होतात, हे मला आता माहीत आहे. तुम्ही गेल्यापासून मला घास गिळवत नव्हता. काल अक्का गेल्यावर मी उठले, दोन भाकऱ्या थापल्या आणि पोटभर जेवले.